सोळावी एप्रिल : एका तारखेची आठवण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिली म्हटली कीं तारखांचा हिशेब आलाच. पायाभरणी कोणत्या दिवशीं झाली, पहिली मिस्सा कोणत्या सणास अर्पण झाली, कोणते धर्मगुरु केव्हां आले आणि केव्हां गेले, ह्या गोष्टी अशा प्रसंगीं मोठ्या हौसेनें सांगितल्या जातात व तें योग्यहि आहे. परंतु तें काम आमच्याहून अधिक माहितगार मंडळी करीत आहेत. म्हणून आम्ही आज निराळाच विषय घेतला आहे. वर्ष कोणतेंहि असो, एकच तारीख धरावी. आणि त्या तारखेस जगांत व आपल्या जिल्ह्यांत काय घडलें, कोण जन्मास आलें, कोणीं देह ठेवला, हें एका माळेंत ओवून पाहावें, असा आमचा विचार आहे. त्यासाठीं आम्हीं एप्रिल महिन्याची सोळावी तारीख निवडली आहे.

हीच तारीख कां, असें कोणी विचारील. त्याचें एक कारण आपल्या दारावरून दिवसरात्र धडधडत जात असतें. मुंबईहून कसाऱ्याकडे व पुढें नाशिककडे जाणारा लोहमार्ग खर्डीवरून जातो. आणि ह्या देशांत प्रवाशांची पहिली आगगाडी ज्या दिवशीं सुटली, तो दिवस १६ एप्रिल १८५३ हा होय. दुसरें कारण असें कीं, पवित्र ख्रिस्तसभेच्या पंचांगांत ह्याच दिवशीं दोन अत्यंत दरिद्री माणसांचें स्मरण होतें. त्यांतील एक रस्त्यावरचा भिकारी, व दुसरी लांकडें वेंचणारी मुलगी. एकाच तारखेच्या एका अंगास वाफेचा व तोफांचा गजर आणि दुसऱ्या अंगास फाटक्या वस्त्रांतील मौन, असा हा योग आहे. आणि तो आम्हांस विचार करण्याजोगा वाटला.

प्रथम तारीख ह्या वस्तूविषयींच दोन शब्द. आपल्या महाराष्ट्रांत काळ मोजण्याच्या दोन रीती शेजारींशेजारीं नांदत आलेल्या आहेत; एक चंद्राची तिथि, दुसरी सूर्याची तारीख. श्रीशिवछत्रपतींची जयंती कोणी फाल्गुन वद्य तृतीयेस करतात, कोणी १९ फेब्रुवारीस करतात, आणि दोघांचाहि आदर सारखाच असतो. आपणां ख्रिस्ती लोकांसहि ही दुहेरी रीत परकी नाहीं. नाताळ तारखेनें येतो. ईस्टर मात्र चंद्र पाहून येतो. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो ईस्टरचा, असा नियम असल्यामुळें तो सण २२ मार्च व २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान मागेंपुढें सरकत असतो. म्हणून १६ एप्रिल कधीं प्रभूच्या दुःखसहनाच्या सप्ताहांत सांपडते, कधीं पुनरुत्थानाच्या. आणि २००६ व २०१७ सालीं तर ती प्रत्यक्ष ईस्टरच्या रविवारींच आली.

आज जगांतील बहुतेक व्यवहार ज्या पंचांगावर चालतो, तें पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं १५८२ सालीं लावून दिलेलें आहे. जुन्या रोमन पंचांगांत वर्षाची लांबी किंचित् अधिक धरली गेली होती. त्यामुळें शतकानुशतकें दिवस साठत जाऊन ईस्टरचा हिशेब ऋतूशीं जुळेनासा झाला होता. येशूसंघाचा गणितज्ञ क्लाव्हियस व इतर पंडित ह्यांनीं गणित तपासून दिलें. आणि ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारानंतर दुसऱ्या दिवशीं एकदम १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. आविलाची संत तेरेजा हिनें त्याच रात्रीं देह ठेवला. म्हणून तिचा सण आजहि १५ ऑक्टोबरला येतो. इंग्रजांनीं हें पंचांग १७५२ सालापर्यंत मानलें नाहीं. तात्पर्य, तारीख ही आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे; ती माणसांनीं ठरवून घेतलेली आठवण आहे. आणि त्या आठवणींत कोणास बसवावयाचें, हेंहि माणसेंच ठरवितात.

येथें ख्रिस्तसभेची एक विलक्षण रीत ध्यानांत घेतली पाहिजे. जग थोरांचा जन्मदिवस साजरा करतें. ख्रिस्तसभा संतांचा मृत्युदिन साजरा करते, आणि त्यासच त्यांचा खरा जन्मदिवस म्हणते. कारण त्या दिवशीं ते स्वर्गीं जन्मले. आपल्याकडील पुण्यतिथीच्या कल्पनेशीं ही रीत किती जुळते, पाहा. प्रभु येशू, त्याची माता मरिया व योहान बाप्तिस्ता ह्या तिघांचेच काय ते ऐहिक जन्मदिवस उपासनेंत सण म्हणून पाळले जातात. म्हणून आमच्या आजच्या यादींत जन्म व मृत्यु एकाच रांगेंत बसलेले दिसले, तर आपण आश्चर्य मानूं नये.

आतां १८५३ सालाकडे वळूं. तो दिवस शनिवारचा होता. दुपारीं साडेतीनच्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदराहून चौदा डब्यांची गाडी सुमारें चारशें निमंत्रितांस घेऊन ठाण्याकडे निघाली. एकवीस तोफांची सलामी झाली. गाडीस तीन इंजिनें जोडलेलीं होतीं व त्यांस साहिब, सिंध आणि सुलतान अशीं नांवें दिलेलीं होतीं. पल्ला एकवीस मैलांचा, म्हणजे आजच्या मापानें चौतीस किलोमीटरांचा होता. घोडा व बैल ह्यांच्याहून अधिक वेगाचें वाहन ज्यांनीं जन्मांत पाहिलें नव्हतें, अशा लोकांच्या झुंडी तें नवल पाहण्यास लोटल्या. नाना शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई ह्यांसारख्या नागरिकांनीं ह्या कार्यासाठीं आधीं पुष्कळ खटपट केली होती. आपल्या भाषेनें ह्या नव्या वाहनास ‘आगगाडी’ असें चपखल नांव देऊन तें आपलेंसें करून टाकलें.

ज्या ठाण्यास ती गाडी थांबली, त्या ठाण्याची भूमि आपणांस दुसऱ्याहि एका कारणानें पूज्य आहे. १३२१ सालीं, ह्याच एप्रिल महिन्यांत, तोलेंतीनोचा थॉमस व त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती ह्यांनीं तेथें ख्रिस्तासाठीं रक्त सांडलें. दूर पूर्वेकडे जाण्याच्या वाटेवर ते ठाण्यास उतरले होते. जॉर्डन नांवाच्या डॉमिनिकन धर्मबंधूनें त्यांचीं शरीरें पुरलीं. आणि पुढें पोर्देनोनेचा ओडोरिक हा प्रवासी साधु येऊन त्यांच्या अस्थि आपल्यासंगें समुद्रमार्गानें चीन देशास घेऊन गेला. ठाणें हें वाटसरूंचें गांव फार पूर्वींपासूनचें आहे, आणि वाटसरूच्या रक्तानें भिजलेलेंहि आहे.

लोहमार्ग ठाण्याहून पुढें सरकत १८५४ सालीं कल्याणास, १८५५ सालीं वासिंदास, १८६० सालीं आसनगांवास आणि १८६१ च्या पहिल्या दिवशीं कसाऱ्यास पोहोंचला. थळघाट चढून इगतपुरी गांठण्यास मात्र १८६५ साल उजाडलें. घाटाची चढण अशी कीं, सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. कसाऱ्यास गाडीला जादा इंजिनें जोडण्याची रीत ह्या चढणीमुळेंच पडली. आपणांपैकीं ज्यांनीं मुंबईहून नाशिकास जातांना गाडी कसाऱ्यास थांबलेली पाहिली असेल, त्यांस ह्या गणिताचा अनुभव आहेच.

परंतु हें काम कोणीं केलें? मुख्य अभियंता जेम्स बर्कली ह्याचें नांव इतिहासांत आहे. कंत्राटदारांचीं नांवें आहेत. फार काय, इंजिनांस सुद्धां नांवें आहेत. ज्यांनीं कातळ फोडला, सुरुंग ठासले, दरडीवर दोर बांधून लोंबकळत पहारी चालविल्या, डोक्यावरून खडीच्या पाट्या वाहिल्या, त्यांचीं नांवें कोठें आहेत? सह्याद्रीच्या घाटांत राबणाऱ्या मजुरांची संख्या लहान नव्हती. एकट्या बोरघाटांत एका वेळीं चाळीस हजारांच्या घरांत माणसें कामावर होतीं. पटकीनें, तापानें व अपघातानें त्यांचे प्राण हजारोंनीं गेले. साहिब, सिंध व सुलतान हीं लोखंडाचीं नांवें शाळेंतल्या मुलांस पाठ असावीं, आणि मेलेल्या माणसांपैकीं एकाचेंहि नांव कोणास ठाऊक नसावें, ही गोष्ट मनास चटका लावणारी आहे. आगगाडीनें आपल्या मुलखास दिलें पुष्कळ. नोकरी दिली, शाळा-दवाखाने जवळ आणले, आणि दूरदूरच्या ख्रिस्ती कुटुंबांस एकमेकांच्या भेटीची वाट मोकळी केली. तें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. त्याच ऋणाच्या खात्यांत हीं अनामिक माणसेंहि मांडलीं पाहिजेत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

ज्या तारखेस जगानें साहिब व सुलतान ह्यांस सलामी दिली, त्याच तारखेस, बरोबर सत्तर वर्षें आधीं, रोम शहरांत एक भिकारी मेला होता. त्याचें नांव बेनेदिक्त जोसेफ लाब्र. २६ मार्च १७४८ रोजीं उत्तर फ्रान्समधील अमेत ह्या खेड्यांत तो जन्मला; पंधरा भावंडांतील तो थोरला. मठवासी व्हावें अशी त्यास मोठी ओढ होती. परंतु एका मागून एक मठांनीं त्यास परत पाठविलें. कोणी म्हणे वय कोंवळें आहे, कोणी म्हणे प्रकृति सोसणार नाहीं. शेवटीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपला मठ म्हणजे रस्ता. तेव्हांपासून तो पायीं चालत राहिला. लोरेतो, असिसी, स्पेन देशांतील कोंपोस्तेला, स्वित्झर्लंडांतील आइन्सिडेल्न, अशीं क्षेत्रें त्यानें पावलांनीं गांठलीं. पंढरीच्या वाटेवर ज्यांनीं वारकऱ्यांचे धुळीनें माखलेले पाय पाहिले आहेत, त्यांस हा संत परका वाटणार नाहीं. भिक्षा मिळे ती तो दुसऱ्या भिकाऱ्यांस वांटी. अखेरचीं वर्षें त्यानें रोममध्यें काढलीं. रात्रीं जुन्या रंगमंडळाच्या भग्न भिंतींच्या आडोशास निजावें आणि दिवसां ज्या देवळांत पवित्र साक्रामेंताची चाळीस तासांची आराधना चालली असेल, तेथें जाऊन गुडघे टेंकावे, असा त्याचा क्रम होता. १६ एप्रिल १७८३ हा पवित्र सप्ताहांतील बुधवार होता. त्या दिवशीं तो एका देवळाच्या पायऱ्यांवर कोसळला. शेजारच्या एका खाटकानें त्यास उचलून आपल्या घरीं नेलें, आणि तेथेंच संध्याकाळीं त्याचा प्राण गेला. वय अवघें पस्तीस. संत मेला, संत मेला, असा पुकारा रोमच्या गल्ल्यांतून प्रथम लहान मुलांनींच केला. पोप तेरावे लिओ ह्यांनीं ८ डिसेंबर १८८१ रोजीं त्यास संतपद दिलें.

शंभरावर वर्षें लोटण्यापूर्वींच ह्या तारखेस दुसरें एक मरण घडलें. १६ एप्रिल १८७९, ईस्टरच्या सप्ताहांतील बुधवार; ठिकाण फ्रान्समधील नेव्हेर येथील मठ; आणि मरणारी धर्मभगिनी म्हणजे लूर्दची बर्नादेत सुबिरू. हिचेंहि वय पस्तीसच. आणि हिलाहि संतपद मिळालें तें ८ डिसेंबरलाच, १९३३ सालीं, पोप अकरावे पायस ह्यांच्या हस्तें. भिकारी व धर्मभगिनी, दोघांचा मृत्युदिन एक, वय एक, आणि देवळाच्या वेदीवर चढण्याचा दिवसहि एक, तो निष्कलंक मातेच्या सणाचा. असा योग कोणी कथेंत लिहिला असता तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें.

बर्नादेत ७ जानेवारी १८४४ रोजीं एका दळणगिरणी चालविणाराच्या घरीं जन्मली. पुढें गिरणी गेली, दारिद्र्य आलें, आणि तें कुटुंब एकेकाळीं तुरुंग असलेल्या एका कोंदट खोलींत राहूं लागलें. मुलगी दम्यानें आजारी, चौदा वर्षांची झाली तरी अक्षरओळख नाहीं. ११ फेब्रुवारी १८५८ रोजीं ती लांकडें वेंचण्यास गेली असतां मासाब्येलच्या गुहेपाशीं तिला पवित्र मातेचें दर्शन झालें. तेथून १६ जुलैपर्यंत एकंदर अठरा वेळां झालें. आपल्या ह्या मुलखांत मोळी डोक्यावर घेऊन रानांतून उतरणाऱ्या मुली आपण रोज पाहतों. त्यांच्यांतील एखादीकडे पाहून स्वर्गाची राणी हिलाच हांक मारील, असें आपल्या मनांत कधीं येतें काय? आणखी एक गोष्ट आहे. माता तिच्याशीं बोलली ती शहराच्या शुद्ध फ्रेंच भाषेंत नव्हे. त्या मुलीच्या खेड्याच्या बोलींत बोलली. आपलें नांवहि तिनें त्याच बोलींत सांगितलें. ज्यांस आपल्या घरच्या बोलीची लाज वाटते, त्यांनीं हें मनांत ठेवावें.

पुढें लोक तिच्या दर्शनास लोटूं लागले, तेव्हां ती दूर जाऊन लपली. १८६६ च्या जुलै महिन्यांत ती आगगाडीनें नेव्हेरास गेली व धर्मभगिनी झाली. मठांत तिनें आजाऱ्यांची शुश्रूषा केली, वेदीचीं वस्त्रें शिवलीं, आणि गुडघ्याच्या क्षयानें अपार यातना सोसल्या. केरसुणीचें काम झालें म्हणजे ती दाराआड ठेवून देतात, तसेंच मातेनें आपणांस वापरून ठेवून दिलें, असें ती आनंदानें म्हणत असे. ह्याहून मोठी नम्रता आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

बर्नादेतच्या कथेंतील एका प्रसंगाजवळ मात्र आम्हांस थांबलें पाहिजे. २५ फेब्रुवारी १८५८ रोजीं मातेच्या आज्ञेवरून तिनें गुहेंतील चिखल हातानें उकरला. प्रथम गढूळ ओलावा दिसला. लोक तिच्या चिखलानें माखलेल्या तोंडास हंसले. पुढें तेथून स्वच्छ झरा वाहूं लागला व तो आजवर वाहत आहे. हा प्रसंग लूर्दमध्यें वाचणें निराळें आणि एप्रिलच्या मध्यावर खर्डीस वाचणें निराळें. आपल्या शहापूर तालुक्यांतील पाणी मुंबईची तहान भागवितें. तानसेचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. वैतरणा व भातसा ह्या नद्यांचें पाणीहि पुढें त्याच वाटेनें गेलें. आणि ज्या डोंगरांवर तो पाऊस कोसळतो, त्याच डोंगरांच्या पाड्यांतील बायका एप्रिल महिन्यांत विहिरीच्या तळाशीं वाटीवाटीनें पाणी खरवडून हंडा भरतात व टँकरची वाट पाहतात. दुसऱ्याची तहान भागविणें हें पुण्य खरेंच. परंतु झऱ्याच्या धन्यानें कोरड्या घशानें राहावें, हा न्याय नव्हे. १६ एप्रिलला बर्नादेतचें स्मरण करणाऱ्या धर्मग्रामास ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवितां यावयाची नाहीं.

ह्याच तारखेचा तिसरा मानकरी म्हणजे पोप सोळावे बेनेदिक्त. जोसेफ रात्झिंगर हें त्यांचें मूळ नांव. १६ एप्रिल १९२७ रोजीं, पवित्र शनिवारच्या पहांटे, बव्हेरियांतील मार्क्टल ह्या लहानशा गांवीं एका पोलीस अंमलदाराच्या घरीं त्यांचा जन्म झाला; आणि त्याच सकाळीं नुकत्याच आशीर्वादिलेल्या ईस्टरच्या नव्या पाण्यानें त्यांचा स्नानसंस्कार झाला. १९ एप्रिल २००५ रोजीं ते पोप निवडले गेले. केरळच्या अल्फोन्सा भगिनीस १२ ऑक्टोबर २००८ रोजीं संतपद देऊन भारताच्या कन्येस हा मान प्रथम त्यांनींच दिला. २०१२ सालीं आपल्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाची मिस्सा अर्पण करतांना त्यांनीं, आज आम्ही जो विचार मांडीत आहों तसाच, आपल्या जन्मतारखेचा विचार मांडला. बर्नादेत, लाब्र आणि पवित्र शनिवार ह्या आपल्या आयुष्यास मिळालेल्या तीन खुणा होत, असा त्यांच्या प्रवचनाचा भाव होता. जगांतील थोर विद्वानांत ज्यांची गणना, त्यांनीं आपल्या वाढदिवशीं आपले ग्रंथ आठवूं नयेत. एक निरक्षर मुलगी व एक भिकारी आठवावा! आणि पुढल्याच वर्षीं, ११ फेब्रुवारी २०१३ रोजीं, म्हणजे लूर्दच्या मातेच्या सणादिवशीं, त्यांनीं आपण पद सोडीत असल्याचें जाहीर केलें. सुमारें सहाशें वर्षांत पदत्याग करणारे ते पहिलेच पोप. केरसुणीनें आपण होऊन दाराआड जावें, तसेंच तें झालें. ३१ डिसेंबर २०२२ रोजीं ते प्रभूकडे गेले.

ख्रिस्तसभेच्या बाहेरहि ह्या तारखेनें मोठीं माणसें दिलीं. आंध्र देशीं विधवाविवाहासाठीं झगडणारे कंदुकूरी वीरेशलिंगम् १८४८ सालीं ह्याच दिवशीं जन्मले. १८६७ सालीं अमेरिकेंत विल्बर राइट जन्मला. सायकली दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसानें आपल्या धाकट्या भावाबरोबर १७ डिसेंबर १९०३ रोजीं यंत्राच्या बळावर मनुष्यास आकाशांत नेलें. १८८९ सालीं लंडनमध्यें चार्ली चॅप्लिन जन्मला. सात वर्षांचा असतां त्यास अनाथ-दरिद्र्यांच्या कामघरांत जावें लागलें. म्हणूनच पुढें त्यानें हंसविलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत थोडें पाणीहि आणलें. १९३१ च्या सप्टेंबरांत लंडनमध्यें त्याची व महात्मा गांधींची भेट झाली, तेव्हां बोलणें निघालें तें यंत्रांचेंच. यंत्र मनुष्याचा चाकर कीं धनी, हा तो प्रश्न. पुढें १९३६ सालच्या आपल्या चित्रपटांत चॅप्लिननें यंत्राच्या दांत्यांत सांपडलेला मजूर जगास दाखविला. पहिल्या आगगाडीच्या तारखेस जन्मलेल्या माणसानें हा प्रश्न विचारावा, हेंहि एक योग्यच झालें.

आतां ह्या तारखेची काळी बाजू. ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १६ एप्रिल २०१४ रोजीं कोरिया देशांत सेवॉल नांवाची बोट बुडून ३०४ जीव गेले. त्यांत अडीचशें एकाच शाळेचे विद्यार्थी होते. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें पोप फ्रान्सिस तेथें गेले असतां त्यांनीं त्या मुलांच्या आईबापांस भेटून त्यांचें दुःख आपल्या छातीशीं धरलें.

२०२० सालीं आगगाडीस १६७ वर्षें झालीं. परंतु त्या दिवशीं महामारीमुळें ह्या देशांत प्रवाशांची नेहमींची एकहि गाडी धांवत नव्हती. त्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-आग्रा रस्त्यानें, शहापूर, खर्डी व कसारा ओलांडून, गांठोडीं डोक्यावर व लेंकरें कडेवर घेतलेल्या मजुरांच्या रांगा आपापल्या मुलखाकडे पायीं चालल्या होत्या. ज्यांच्या पूर्वजांसारख्या माणसांनीं हा लोहमार्ग बांधला, त्यांनाच तो त्या दिवसांत मिटलेला होता. आणि त्याच वर्षीं, ह्याच तारखेच्या रात्रीं, पूर्वीं आपल्या ठाणें जिल्ह्यांत असलेल्या व २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडणाऱ्या गडचिंचले गांवाजवळ तीन वाटसरू, दोन साधु व त्यांचा गाडीवान, जमावाच्या हातून मारले गेले. गुरूच्या अंत्यविधीस ते निघाले होते. चोर फिरत आहेत अशी अफवा उठली होती. भयानें माणसें आंधळीं झालीं, आणि निरपराध्यांचे प्राण गेले. ज्या दिवशीं रोममध्यें एका खाटकानें अनोळखी भिकाऱ्यास उचलून घरीं नेलें, त्याच दिवशीं आपल्या शेजारीं अनोळखी साधूंस घर मिळालें नाहीं. ते कोणत्या धर्माचे होते हा प्रश्न येथें उद्भवत नाहीं. परका होतों आणि तुम्हीं मला आश्रय दिला कीं नाहीं, हाच प्रश्न प्रभु अखेरच्या दिवशीं विचारणार आहे. आणि तो आपणां सर्वांस विचारणार आहे.

बंधुभगिनींनो, ह्या सर्वांतून आम्ही काय घ्यावें? लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा मूळ अर्थ दिलेला आहे. पन्नासावें वर्ष आलें म्हणजे शिंग फुंकावें, ऋणकऱ्यास मोकळें करावें, आणि ज्याची जमीन हातची गेली असेल त्यास ती परत द्यावी, अशी ती आज्ञा होती. ह्या जिल्ह्यांत लग्नाच्या कर्जापायीं आयुष्य गहाण टाकणारे लग्नगडी होते, हें वृद्ध माणसांस ठाऊक आहे. वेठबिगार कायद्यानें १९७६ सालीं बंद झाली. परंतु माणसाची किंमत माणसास परत देण्याचें काम कायद्यानें संपत नाहीं. ज्युबिलीच्या रोषणाईबरोबर तें काम हातीं घेतलें, तरच ही ज्युबिली बायबलाच्या अर्थानें ज्युबिली होईल.

म्हणून आमच्या दोन लहान सूचना आहेत. पहिली नांवांविषयीं. त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मगुरूनें आपल्या गांवच्या स्नानसंस्कारांची व विवाहांची नोंद ठेवावी असें ठरविलें, आणि तेव्हांपासून राजाचें नांव व मोळीविक्याचें नांव एकाच वहींत, एकाच शाईनें लिहिलें जाऊं लागलें. बर्नादेतचें नांवहि जन्मानंतर दोनच दिवसांनीं तशाच एका वहींत चढलें होतें. आपल्या ज्युबिलीच्या वृत्तांतांत धर्मगुरूंचीं व देणगीदारांचीं नांवें येतील, तीं यावींतच. त्यांच्या जोडीस प्रत्येक घरानें आपल्या आजाआजींचीं, देवळाच्या कामास ज्यांनीं विटा-माती वाहिली असेल त्यांचीं, घंटा वाजविणाऱ्यांचीं, झाडलोट करणाऱ्यांचीं नांवें लिहून द्यावीं. घाटांतील मजुरांचीं नांवें आतां मिळणें नाहीं. आपल्या माणसांचीं अजून मिळतील, कारण तीं सांगणारे म्हातारे अजून आपल्यांत बसलेले आहेत. पुढल्या ज्युबिलीपर्यंत ते असणार नाहींत.

दुसरी सूचना पाण्याविषयीं. प्रतिवर्षीं १६ एप्रिलला आपल्या धर्मग्रामानें रस्त्याच्या कडेस पाणपोई घालावी, आणि ती पावसाळा लागेपर्यंत चालवावी. रांजण मातीचे असावेत, पाणी गाळलेलें असावें, आणि पाणी देणारानें घेणाऱ्याचें गांव, जात वा धर्म विचारूं नये. तहानलेल्या पाड्यावर एक हंडा अधिक कसा पोहोंचेल, ह्याचाहि विचार ह्याच मंडळीनें करावा आणि अधिकाऱ्यांपुढें तो नेटानें मांडावा. हें काम मोठें नाहीं. परंतु रस्त्यावरून चालणारा लाब्र आणि चिखल उकरणारी बर्नादेत ह्यांचा सण खर्डीसारख्या गांवीं याहून चांगल्या रीतीनें कसा पाळावा, हें आम्हांस सुचत नाहीं.

आगगाडी दारावरून जाईल, रस्ता वाहत राहील, आणि वर्षें मागें पडतील. त्या वाटेनें येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसामध्यें प्रभूस ओळखण्याची दृष्टि पवित्र माता मरिया, संत बेनेदिक्त जोसेफ लाब्र व संत बर्नादेत ह्यांच्या मध्यस्थीनें आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.